मंदी येण्याआधी घरखर्च तपासून देणारी सल्ला सेवा : फी देण्यासारखी आहे का?

आधीच सांगून टाकते, सेवा आवडली, पाचपैकी चार स्टार, आणि एक स्टार का कापला तेही खाली लिहिलंय. सल्लागाराचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण असं काम करणारे आता बरेच जण आहेत आणि मला कुणाची जाहिरात करायची नाहीये, हे काम चालतं कसं आणि त्यातून हाताला काय लागतं ते सांगायचंय.

तर प्रकार असा, की फक्त फीवर काम करणारा सल्लागार, म्हणजे ज्याला कुठल्या पॉलिसीचं, फंडाचं कमिशन मिळत नाही, तो तुमचा जमाखर्च, कर्जं, विमे, ठेवी सगळं समोर घेतो आणि एकच गोष्ट तपासतो, उद्या मंदी आली, पगार थांबला किंवा निम्मा झाला तर हे घर किती महिने तग धरेल आणि आधी कुठे फाटेल. मंदी कधी येणार, बाजार पडणार का, यावर एक शब्दही बोलत नाहीत आणि हेच मला सगळ्यात पटलं. कारण ते कुणाला आधी कळत नाही. अमेरिकेतली मोठी मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली असं जाहीर झालं ते डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे तोपर्यंत लोक वर्षभर मंदीतच जगत होते आणि तसं अधिकृतपणे कुणी म्हटलेलंच नव्हतं! मग घराची तयारी बातम्यांवर कशी ठरवणार?

सुरुवातीला एक फॉर्म येतो. लांबलचक आहे, कंटाळा येतो, पण भरा. बँकेची स्टेटमेंटं मागतात, मात्र खाते नंबर खोडून चालतात, पासवर्ड किंवा लॉगिन मागत नाहीत. कुणी मागितलं तर तिथूनच उठा, दुसरा सल्लागार शोधा. मागच्या पूर्ण वर्षाचे खर्च का हवेत असं मी विचारलं तर आमच्या सल्लागार बाई म्हणाल्या, "एका महिन्याच्या हिशोबात वर्षातून एकदा येणारे खर्च दिसतच नाहीत हो, विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, आणि घर बुडतं ते नेमकं त्याच महिन्यात." खरं आहे. आमच्याकडे दर महिन्याला थोडी बचत दिसायची आणि वर्षाच्या शेवटी ती असायला हवी तेवढी कधीच नसायची, त्याचं कारण तिथे एका रकान्यात दिसलं.

मग प्रत्यक्ष बैठक. नवरा-बायको दोघांनी बसायचंच अशी अट आहे, एकटं कुणी आलं तर बैठक पुढे ढकलतात. आणि पहिलंच काम, दोघांना वेगवेगळे कोरे कागद. "उद्यापासून मोठा पगार बंद झाला असं धरा, बंद करायचे पहिले पाच खर्च लिहा, एकमेकांचं बघू नका." इतकी वर्षं एका घरात राहतोय पण कागद शेजारी ठेवले तर पाचातला फक्त एक जुळला. ह्याने लेकीचा स्विमिंगचा क्लास पहिल्या नंबरवर लिहिलेला आणि मी तो यादीत घेतलाच नव्हता, मी दुसरी गाडी विकायची असं लिहिलेलं तर हा म्हणे, "अगं, गाडी विकली तर मी नवीन नोकरी शोधायला फिरणार कशाने?" वीस मिनिटं त्यावरच गेली. बाई शांतपणे ऐकत होत्या, मध्ये पडल्या नाहीत, शेवटी एवढंच म्हणाल्या की हे भांडण आज इथे झालं ते बरं, पगार थांबलेल्या महिन्यात झालं असतं तर फार महाग पडलं असतं. मला विचाराल तर निम्मी फी इथेच वसूल झाली.

आता आकड्यांचा भाग, हा जरा नीट सांगते कारण खरी अक्कल इथे आहे. आमचे खरे आकडे देत नाही, महिन्याचं एकूण उत्पन्न १०० धरून सांगते, तुम्ही तुमचे आकडे घाला. एकाचे ६० येतात, दुसऱ्याचे ४०. हप्ते ३०, त्यात घराचा २०, गाडीचा ६, क्रेडिट कार्डची जुनी थकबाकी फेडायला ४. टाळताच येत नाही असा खर्च ३४, म्हणजे किराणा, वीज, औषधं, शाळा, विमा. बाकी मनाचा खर्च २४. उरले १२. आणि बाजूला ठेवलेला आणीबाणीचा पैसा १२०.

आम्ही काय धरून चाललो होतो, तर १२० आहेत, महिन्याला लागतात ८८, म्हणजे सव्वा महिना आणि काही दिवस, आणि त्या विचारानेच धडकी भरायची. बाईंनी आधी मनाचा खर्च बाजूला काढला, राहिले ६४, याला त्या 'तंगीचा महिना' म्हणतात. मग तीन वेगवेगळे प्रश्न विचारले. दोघांचं उत्पन्न गेलं तर १२० भागिले ६४, दोन महिनेही धड नाहीत. ६० वालं गेलं तर ४० येतच राहतात, तूट फक्त २४, म्हणजे पाच महिने. आणि ४० वालं गेलं तर तूट फक्त ४, म्हणजे अडीच वर्षं! पैसे तेच, घर तेच, उत्तरं तीन. 'आमच्याकडे किती महिन्यांची सोय आहे' हा प्रश्नच अर्धवट आहे, कुणाचा पगार गेला तर, हे धरल्याशिवाय त्याला उत्तर नाही, आणि घरात कमी कमावणारा माणूस किती मोठा आधार असतो तेही या तीन ओळींत दिसतं. ४० वाल्याची नोकरी सोडून द्यावी का अशी चर्चा कुणाच्या घरात चालू असेल तर आधी हा हिशोब मांडा.

पुढचा भाग कर्जांचा. इथे बहुतेक सगळे सल्ले 'जास्त व्याजाचं आधी फेडा' एवढ्यावर थांबतात. ते बरोबरच आहे, कार्डवर महिन्याला ३ टक्के लागत असतील तर चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात, त्याच्यापुढे कुठलीही गुंतवणूक टिकत नाही. पण मंदीच्या तयारीत अजून एक गोष्ट बघायची असते, जी मला आधी कुणी सांगितली नव्हती, हातातून एवढी रोकड गेल्यावर महिन्याचा हप्ता किती कमी होतो? समजा कार्डचे २० बाकी आहेत. ते १२० मधून भरून टाकले तर हातात १०० राहतात, पण महिन्याचा ४ चा हप्ता संपतो, तंगीचा महिना ६० वर येतो आणि मोठा पगार गेला तर तूट २०. १०० भागिले २०, पुन्हा पाचच महिने. म्हणजे २० खर्च करूनही तग धरायची मुदत तीच राहिली आणि व्याज थांबलं ते वेगळंच. दोघांचं गेलं तर मात्र थोडी कमी होते, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आता तेच २० घराच्या कर्जात जादा भरले तर? पुष्कळ ठिकाणी जादा भरलं की कर्जाची मुदत कमी होते पण महिन्याचा हप्ता तोच राहतो. म्हणजे हातात १००, तूट अजूनही २४, आणि मुदत चार महिन्यांच्या आसपास. वर ते पैसे अडकले, पगार थांबल्यावर बँकेकडे जाऊन 'मागच्या वर्षी जास्तीचे भरलेले परत द्या' म्हटलं तर कोण देणार आहे! माझ्या ओळखीत कितीतरी लोक मंदीच्या भीतीने सगळी शिल्लक गृहकर्जात ओततात, कर्ज कमी झालं म्हणून झोप चांगली लागते हे मला समजतं, पण रोकड संपवून केलेलं असेल तर घर जास्त सुरक्षित झालं नाही, कमी झालं. आधी रोकड पुरेशी असू द्या, मग खुशाल भरा, आणि भरताना मुदत कमी करायच्या ऐवजी हप्ता कमी करून मिळतो का ते बँकेला विचारा.

क्रेडिट कार्डची लिमिट हीच आमची आणीबाणी असं म्हणणाऱ्यांसाठी त्यांच्या रिपोर्टमध्ये लाल रंगात एक ओळ आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. २००८-०९ मध्ये अमेरिकेत बँकांनी लाखो लोकांच्या कार्डच्या आणि घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाच्या मर्यादा आपल्या आपण कमी केल्या. जेव्हा उधार लागतं तेव्हाच देणारा हात आखडता घेतो. उधारीची मर्यादा हा आपला पैसा नव्हे.

पैसा ठेवायचा कुठे, तर शेअरमध्ये नाही. मंदीत नोकरी जायची वेळ आणि शेअर पडायची वेळ बरेचदा एकच असते. अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक, म्हणजे तिथल्या साधारण पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा, ऑक्टोबर २००७ पासून मार्च २००९ पर्यंत साधारण ५७ टक्के पडला आणि जुन्या पातळीवर यायला २०१३ उजाडलं. ज्याला मध्येच किराण्यासाठी विकावे लागले त्याच्यासाठी ते २०१३ कधी आलंच नाही. लिक्विड फंड, मनी मार्केट फंड, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे लावणारे फंड, वगैरे चालतात पण सगळे पैसे त्यात नकोत, कारण सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाल्यावर दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंड नावाच्या अशाच 'सुरक्षित' फंडाची किंमत एका डॉलरची ९७ सेंट झाली. तोटा बघाल तर छोटाच, पण पैसे काढणंच अडकलं आणि आणीबाणीच्या पैशाला तेच तर परवडत नाही. म्हणून त्यांची मांडणी साधी आहे, दोन वेगवेगळ्या बँकांत बचत खातं, ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाली तरी जेवढी ठेव परत मिळते त्याची, तुमच्या देशात जी मर्यादा असेल त्याच्या आत, आणि थोडी रोख घरात. रोख कशाला असं मलाही वाटलं होतं, पण सायप्रसमध्ये मार्च २०१३ मध्ये बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या आणि उघडल्यावर दिवसाला ३०० युरोच काढता यायचे, ग्रीसमध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात एटीएममधून दिवसाला ६० युरो. तशी वेळ क्वचित येते हे कबूल, पण आठवडाभराचा घरखर्च रोख ठेवायला काही मोठा त्याग लागत नाही.

सायप्रसचीच अजून एक गोष्ट त्या सांगतात. तिथल्या दोन मोठ्या बँकांत १ लाख युरोच्या वरच्या ठेवींना कात्री लागली, त्या मर्यादेच्या आतल्या लोकांचे पैसे वाचले. ठेव विम्याची मर्यादा म्हणजे फक्त कागदावरचा नियम नाही, ती कधीकधी अशी कामाला येते.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला मुद्दा मात्र वेगळा होता. त्यांनी विचारलं, "तुमच्या दोघांचे पगार आणि तुमची गुंतवणूक, तिन्ही एकाच कारणाने एकाच दिवशी पडू शकतात का?" आमचं क्षेत्र एकच, आणि वर ह्याच्या कंपनीचे शेअर बऱ्यापैकी साठलेले. मग त्यांनी एन्रॉन या अमेरिकेतल्या ऊर्जा कंपनीचं उदाहरण दिलं. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीच्या खात्यातला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता, कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नोकरी आणि म्हातारपणाची पुंजी एकदमच गेली. पगार जिथून येतो तिथेच बचत ठेवायची नाही, हा नियम आता आमच्याकडे पक्का झालाय, कंपनीचे शेअर टप्प्याटप्प्याने विकायला काढलेत, करांचा हिशोब करून.

विम्याबद्दल थोडक्यात. आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल तर नोकरीबरोबर तोही जाऊ शकतो, म्हणून वेगळा स्वतःचा असावा आणि तो नोकरी असतानाच घ्यावा. बाकी नॉमिनी, जॉइंट खाती, कागद कुठे ठेवलेत, हे सगळं त्यांनी तपासलं, ते माहितीचंच आहे, करायचं राहिलेलं असतं एवढंच.

आता तो कापलेला एक स्टार.

पहिली गोष्ट म्हणजे फॉर्ममध्ये आईवडिलांना दर महिन्याला पाठवायच्या पैशासाठी रकानाच नाही. आम्ही सासूबाईंना पाठवतो आणि माझ्या आईच्या औषधांचंही बघतो, ते कुठे लिहायचं विचारलं तर 'इतर' मध्ये टाका म्हणाल्या, आणि 'इतर' पुढे आपोआप मनाच्या खर्चात गेलं! म्हणजे तंगीच्या महिन्यात पहिली कात्री आईच्या औषधांना? मी तिथेच थांबवून दुरुस्त करून घेतलं, केलंही त्यांनी लगेच, पण जो विचारणार नाही त्याच्या रिपोर्टमध्ये चूक तशीच राहणार. आपल्यावर अवलंबून असलेली माणसं एकाच छताखाली असतातच असं नाही, हे अशी सेवा देणाऱ्याला कळायलाच हवं.

दुसरी गोष्ट, सगळा साचा पगारदारांसाठी बनवलाय. माझी बहीण फ्रीलान्स काम करते, तिचं उत्पन्न एका महिन्यात दुप्पट, पुढच्या महिन्यात शून्य, आणि मंदीत तिचं काम एकदम बंद होत नाही, तर क्लायंट पैसे उशिरा द्यायला लागतात. काम केलेलं आहे, बिल गेलंय, पैसे तीन महिन्यांनी. हे त्यांच्या हिशोबात बसतच नाही, तिथे उत्पन्न एकतर चालू नाहीतर बंद. तिला मी ही सेवा सुचवणार नाही, आधी त्यांनी तो भाग सुधारावा.

तिसरी आणि माझ्या मते मोठी उणीव म्हणजे ६ महिन्यांचा आकडा. रिपोर्टच्या शेवटी सगळ्यांना एकच लक्ष्य, ६ महिन्यांचा तंगीचा खर्च. का ६, याचं उत्तर मिळालं नाही. मी थोडं वाचलं, अमेरिकेत २०१० च्या मध्यावर बेकार असलेल्यांपैकी निम्मे लोक साधारण २५ आठवड्यांहून जास्त काळ बेकार होते, म्हणजे अशा वाईट काळात ६ महिने हा शेवटचा टप्पा नाही, मधला आहे. आणि तिथली मंदी कागदोपत्री जून २००९ मध्ये संपली तरी बेकारी सगळ्यात जास्त, १० टक्क्यांवर, पोचली ती ऑक्टोबर २००९ मध्ये. मंदी संपल्याची बातमी येते तेव्हा नोकऱ्यांचा सगळ्यात वाईट काळ अजून पुढे असू शकतो. उलट तिथेच २०२० मध्ये बेकारी दोन महिन्यांत ३.५ वरून १४ टक्क्यांच्या वर गेली आणि तितक्या वेगाने खालीही यायला लागली. दोन्ही वेळा एकच आकडा कसा चालेल? ज्याचं काम सहज दुसरीकडे मिळतं त्याला ६ पुष्कळ, ज्याचं क्षेत्र छोटं आहे, वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्याला कमी. हा विचार माणसागणिक व्हायला हवा, एवढी फी घेताय तर.

रिपोर्ट लांबलचक आहे, रंगीत आलेख खूप आहेत, कामाची पानं मोजकीच. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासायला वेगळी फी, ती पहिल्या वेळेपेक्षा कमी आहे पण बैठकीच्या आधी सांगितली नव्हती. हे आधी सांगायला काय हरकत होती?

कुणी घ्यावी? घरात दोन उत्पन्नं आहेत, दोन-तीन कर्जं आहेत, ठेवी इकडेतिकडे पसरल्यात आणि नवरा-बायकोत पैशाचं बोलणं 'बघू नंतर' वर थांबतं, त्यांनी नक्की घ्या. ज्यांचं उत्पन्न जेमतेम गरजेच्या खर्चाला पुरतंय त्यांनी फी देऊ नका, मनापासून सांगते. दोन कोऱ्या कागदांचा प्रकार घरीच करा, तंगीचा महिना काढा, आणि तीन भागाकार करा, त्यासाठी कुठल्याही सल्लागाराची गरज नाही. हप्ते आधीच थकायला लागले असतील तर कर्जदारांना फुकट सल्ला देणाऱ्या ना-नफा संस्था बऱ्याच देशांत असतात, तिकडे जा, आणि बँकेशी पहिला हप्ता चुकायच्या आधी बोला, चुकल्यावर बोलणं अवघड होतं आणि हातातले पर्यायही कमी होतात.

बुक करण्याआधी सल्लागाराला तीन गोष्टी लेखी विचारा. माझ्याकडून घेतलेल्या फीशिवाय तुम्हाला कुठून पैसे मिळतात का, माझे कागद किती दिवस ठेवणार आणि नंतर काय करणार, आणि पुढच्या तपासणीची फी किती. पहिल्याला सरळ 'नाही' असं उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका, कारण मग मंदीची भीती दाखवून पॉलिसी गळ्यात मारणारे आणि हे यात काही फरक राहत नाही. आम्हाला तिन्हीपैकी पहिल्या दोनची उत्तरं चोख मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत, आईंसाठी वेगळा रकाना करून ठेवा असं आत्ताच मेल करून सांगितलंय.